लोमेच्या देव्हाऱ्यातले दत्तगुरू

प्रश्न : ताई, माझा मुलगा दीड वर्षापासून पश्चिम आफ्रिकेत, टोगो देशातल्या लोमे शहरात नोकरीला आहे. मागच्या महिन्यात त्याने मोबाईलवर एक फोटो पाठवला. तिथल्या एका बाईच्या घरातला देव्हारा आहे. मधोमध गळ्यात साप घेतलेल्या बाईचं चित्र, शेजारी लक्ष्मी आणि भिंतीवर चक्क आपले दत्तगुरू. पुढ्यात पावडरचे डबे, अत्तराच्या बाटल्या, आणि एक दारूची बाटली! आमचं गाव नरसोबाच्या वाडीजवळ, घरात दर गुरुवारी आरती असते. फोटो पाहिल्यापासून सासूबाईंना चैन नाही. ही विटंबना समजायची का? आणि ही बाई कोण, मांत्रिक का?
— एक वाचक, शिरोळ तालुका

उत्तर : सासूबाईंना आधी एवढं सांगा, की ही विटंबना नाही. मी हे वाचून सांगत नाही. असल्या एका देव्हाऱ्यापुढे मी स्वतः चटईवर बसून आले आहे.

आम्ही अकरा वर्षं घानात होतो, टेमा या बंदराच्या गावी. यजमान लोखंडाच्या कारखान्यात होते. आमच्या दारावर एक बाई कापड विकायला यायची, एवे समाजाची, टोगोच्या सीमेवरच्या आफ्लाओ गावची. डोक्यावर सहा-सहा वारी रंगीत कापडांची चळत आणि मान अशी ताठ, की वाटेल आत मणकाच नाही, खांब आहे. मी तिला ‘दादा’ म्हणायचे. एवे भाषेत दादा म्हणजे आई. एकदा ती लोमेच्या बाजारात माल भरायला निघाली आणि मलाही घेऊन गेली. ट्रोट्रो म्हणतात त्या खचाखच भरलेल्या गाडीतून व्होल्टा नदीचा पूल ओलांडला, आफ्लाओला सीमा पायी ओलांडली आणि पलीकडे पाऊल टाकलं तेच लोमेत. माणसं तीच, भाषाही तीच. मधली रेघ युरोपवाल्यांनी मारलेली. इकडे इंग्रज, तिकडे आधी जर्मन आणि पहिल्या महायुद्धानंतर फ्रेंच. एवे लोकांची घरं या रेघेच्या दोन्ही बाजूंना आहेत आणि त्यांचे देवही.

माल भरून झाल्यावर दादा म्हणाली, आता माझ्या मोठ्या बहिणीकडे जायचं. ती सख्खी बहीण नव्हती, मामिसी होती. निळा पडदा सारून आम्ही आत गेलो. भिंती आकाशी, समोर मोठा आरसा, आणि खोलीभर टाल्कम पावडरचा वास, आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या खोलीला येतो ना, अगदी तसा. साठीची बाई, अंगावर पांढरं कापड. ‘वोएझो,’ म्हणाली, म्हणजे या. मग तिने हातावर पावडर घेतली आणि माझ्या गळ्याला, दोन्ही मनगटांना लावली. आपण हळदीकुंकू लावतो त्याच सहजतेने. मी मान वर केली तर भिंतीवर दत्त. तीन शिरं, सहा हात, मागे गाय, पायाशी कुत्री. कॅलेंडरचंच चित्र, खालचा तारखांचा भाग कापून टाकलेला.

आता ही बाई कोण ते सांगते. त्या किनाऱ्यावर समुद्राच्या, पाण्याच्या एका देवीला मामी वाटा म्हणतात. मामी म्हणजे आई आणि वाटा म्हणजे पाणी, तिथल्या मोडक्या इंग्रजीतला शब्द. ती देखणी आहे, तिला आरसा, फणी, अत्तर, गोड पदार्थ आवडतात. ती पैसा देते, पण मूल मात्र सहसा देत नाही, असं लोक मानतात. तिने ज्याला धरलं तो मामिसी. यातला ‘सी’ म्हणजे बायको. पुरुषाला धरलं तरी तो मामिसीच, म्हणजे देवीची बायको. देवाच्या घरात जो शिरला तो बायको होऊनच शिरतो, मग बाहेर तो कितीही मोठा बाप्या असो. मला हे फार खोल वाटतं. आपल्याकडे यल्लम्माचा जोगता लुगडं नेसतो, हे तुमच्या भागात कोणाला वेगळं सांगायला नको.

चित्राची हकिगत मला पुढे कळली आणि मी थक्क झाले. सापवाली ती बाई मुळात जर्मनीतल्या सर्कशीत साप खेळवणारी. १८८० च्या दशकात हंबुर्गमध्ये तिचं रंगीत जाहिरातचित्र छापलं गेलं. दाट काळे केस, भरजरी चोळी, एक साप गळ्याभोवती आणि कोपऱ्यात छोट्या चौकटीत पुंगी वाजवणारा मुलगा. खलाशांबरोबर ते आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पोचलं आणि लोकांनी ओळखलं, ही तर आपली पाण्यातली! १९०१ पर्यंत नायजेरियातल्या बॉनी गावी त्यावरून लाकडी मुखवटा कोरून झालाही होता. पाण्याचे देव त्यांचे जुनेच होते, नवा मिळाला तो चेहरा. हेन्री ड्रूवाल या अमेरिकन कला-अभ्यासकाने याचा माग काढला. त्यात आपल्याशी थेट संबंध असलेली गोष्ट अशी, की १९५५ साली घानातल्या कुमासीच्या दोन व्यापाऱ्यांनी हे चित्र मुंबईला पाठवलं आणि मुंबईच्या श्रीराम कॅलेंडर कंपनीने त्याच्या १२,००० प्रती जशाच्या तशा छापून दिल्या. म्हणजे तुमच्या मुलाने फोटोत टिपलेली सापवाली बाई मुंबईच्या छापखान्यातून गेलेली असण्याचीही शक्यता आहे.

त्याच वाटेने लक्ष्मी गेली आणि दत्तही गेले. किनाऱ्यावर सिंधी-गुजराती व्यापाऱ्यांची दुकानं होती, तिथे आपल्या देवांची कॅलेंडरं असायची. त्या लोकांच्या लेखी हे देव समुद्रापलीकडून, पाण्यावरून आलेले. कमळात उभी लक्ष्मी पाहिल्यावर आणखी काय सांगायला हवं? तीन शिरांच्या दत्तांना ते डेन्सू म्हणतात. तोही पाण्यातला देव, पुरुष, मोठा श्रीमंत. घानाची राजधानी अक्रा, तिच्या पश्चिमेला एक नदी आहे तिचंही नाव डेन्सूच, शहराच्या त्या अंगाला पाणी तिचंच.

मामिसीने मला विचारलं, “हा तुमच्याकडेही आहे?” मी म्हटलं, आहे. “काय खातो?” मी जरा गोंधळले आणि जे सुचलं ते सांगितलं, घेवड्याची भाजी. घेवड्याचा वेल उपटल्याची गुरुचरित्रातली गोष्ट दादाने इंग्रजीतून एवेत करून सांगितली. वेलाच्या मुळाशी सोन्याचा हंडा निघाला म्हटल्यावर मामिसीने मांडीवर थाप मारली, म्हणाली, “देणारच! हा देतोच.” मग मी तिला वाडीचं सांगितलं, कृष्णेला पूर येतो, पाणी देवळात शिरतं, पादुकांवरून वाहून दक्षिण दारातून बाहेर पडतं आणि लोक त्या पाण्यात स्नान करायला धावतात. ती बराच वेळ गप्प बसली. मग दादाला एवेत काहीतरी म्हणाली. दादाने मला सांगितलं, “ती म्हणते, मग तुम्हाला माहीत आहे की तो पाण्यातलाच आहे. आम्हाला का विचारता?”

सासूबाईंना हे एवढं जरूर वाचून दाखवा.

बाटलीचं म्हणाल तर त्या सगळ्या किनाऱ्यावर पूर्वजांना, देवांना जमिनीवर मद्य ओतून बोलावतात. बारसं असो, मयत असो, जमिनीचा तंटा मिटवायचा असो, पहिली धार मातीला. ते त्यांचं अर्घ्य आहे. आपल्याही म्हसोबाला काय काय चालतं हे आपण जाणतो. दत्तांना आपण ते कधी देणार नाही, ते बरोबरच. पण तिने दिलं ते तिच्या घरातलं चांगल्यात चांगलं दिलं.

आणि मांत्रिक? नाही. तिने मला तिची हकिगत सांगितली ती अशी. लग्नाला नऊ वर्षं झाली, मूल नाही. अंग सुजायचं, झोप नाही, समुद्राची स्वप्नं पडायची. दवाखाना झाला, चर्च झालं. शेवटी बोकोनोने, म्हणजे तिथल्या कौल पाहणाऱ्याने, सांगितलं की मामी तुला बोलावते आहे. पुढे काही महिने जुन्या मामिसीच्या घरी राहून ती सगळं शिकली. आधी सासरच्या बैठकीत तिला उंबऱ्याबाहेर बसवत. आता त्याच घरचे दीर आपसात भांडले की निवाड्याला तिच्याकडे येतात आणि चपला बाहेर काढून येतात. तिचे पैसे तिचे. वांझ म्हणून तिला आता कोणी बोलत नाही, कारण देवीने तिला आपल्यासाठी ठेवली आहे. मूल झालं नाही ते नाहीच झालं. पण त्या न होण्याचा अर्थ बदलला आणि तो बदलायला तिच्या समाजाकडे एक जागा होती. माझ्या माहेरी, वाईकडच्या गावात, माझ्या एका चुलत आत्याला मूल नव्हतं. तिच्यासाठी घरात एकच जागा होती, मागची पडवी. लोमेत त्या चटईवर बसले असताना मला राहून राहून आत्या आठवत होती.

प्रश्न : ताई, मी नागपूरला एम.ए. करते. आमच्या वर्गात चर्चा झाली, की वसाहतींच्या आधी आफ्रिकेत देवी आणि पुजारिणींमुळे स्त्रिया स्वतंत्र होत्या, ते इंग्रज-फ्रेंचांनी मोडलं आणि स्वातंत्र्यानंतर ते पुन्हा मिळालं. हे खरं मानावं का?
— एक विद्यार्थिनी, नागपूर

उत्तर : मधला भाग बराचसा खरा, पहिला अर्धा खरा, आणि तिसरा खोटा. मी फक्त घानाबद्दल बोलते. अख्ख्या आफ्रिकेबद्दल एका दमात बोलणाऱ्याचं म्हणणं जरा जपूनच ऐकावं.

आशांती लोकांत राजाबरोबर राजमाता असते. ती राजाची आईच असते असं नाही, पण गादीवर कोण बसणार हे नाव पहिल्यांदा तीच पुढे करते. त्यांचं सोन्याचं आसन आहे, त्यावर राजाही बसत नाही, कारण त्यात साऱ्या लोकांचा आत्मा आहे. १९०० साली इंग्रज गव्हर्नर हॉजसन कुमासीत येऊन म्हणाला, ते आसन मला बसायला आणा. तेव्हा एजिसुची राजमाता याआ आसांतेवा लढाईला उभी राहिली. इंग्रजांनी तिला धरून सेशेल्स बेटांवर पाठवलं, तिथेच ती १९२१ साली वारली. आसन मात्र त्यांच्या हाती कधी लागलं नाही.

पण मला त्याहून बोलकी वाटते ती दुसरी गोष्ट. इंग्रजांनी कारभार स्थानिक सरदारांमार्फत चालवला आणि त्यात राजमातांना धरलंच नाही. रॅट्रे नावाचा त्यांचाच एक अधिकारी १९२० च्या सुमाराला आशांतींच्या चालीरीती टिपत होता. त्याने म्हाताऱ्याकोताऱ्यांना विचारलं, राजमातांचं एवढं महत्त्व, मग इतकी वर्षं मला हे कळलं कसं नाही? तर उत्तर ठरलेलं, गोऱ्या माणसाने आम्हाला कधी विचारलंच नाही, तुम्ही ओळखता ते फक्त पुरुषांना. बाईची सत्ता हिसकावून घ्यायलाच लागते असं नाही गं. तिला कागदावर घेतलं नाही की पुरतं.

१९५७ साली देश स्वतंत्र झाला. मग पुन्हा मिळालं का? १९९२ च्या राज्यघटनेत ‘चीफ’ या शब्दाच्या व्याख्येत राजमाता आली, हे झालं. पण त्याआधीचं एक पान तुझ्या वर्गात जरूर वाच. अक्राचा माकोला बाजार बायकांचा. कापड, टोमॅटो, मासळी, प्रत्येक मालाची एक राणी आणि तिचा शब्द अखेरचा. १९७० च्या दशकात महागाई भडकली आणि दोष आला या बायकांवर, साठेबाज म्हणून. त्यातल्या श्रीमंत बाईबद्दल तर कुजबुज ठरलेली, तिने मामी वाटाशी सौदा केलाय, पोटची मुलं देऊन पैसा घेतलाय. ऑगस्ट १९७९ मध्ये लष्करी राजवटीच्या सैनिकांनी माकोला नंबर १ हा मुख्य बाजार सुरुंग लावून उडवला. बायकांना चारचौघांत फटके मारले. ते गोऱ्यांनी केलेलं नव्हतं. स्वतंत्र देशातल्या सैनिकांनी केलं आणि बघ्यांनी टाळ्या वाजवल्या. आमची दादा तेव्हा तरुण होती, तिच्या मावशीचा गाळा त्यात गेला. वीस वर्षांनी मला सांगताना ती माणसांबद्दल बोलली नाही, कापडांबद्दल बोलली. कोणत्या नक्षीचे किती तागे होते, सगळं तोंडपाठ. त्या जागी पुढे मोटारी उभ्या करायचं मैदान झालं.

आता पहिल्या भागातला खोटा अर्धा. एवे भागातच ‘त्रोकोसी’ नावाची प्रथा होती. घरातल्या कुणा पुरुषाने गुन्हा केला, की देवाचा कोप टळावा म्हणून घरातली कुमारिका देवळाला द्यायची. ती तिथे राबायची, पुजाऱ्याची शेज करायची, मेली तर तिच्या जागी घरातली दुसरी. ‘त्रोसी’ म्हणजे देवाची बायको, ‘त्रोकोसी’ म्हणजे देवाची गुलाम. मधलं एक अक्षर फक्त. १९९८ साली घानाने कायदा करून हे गुन्हा ठरवलं, किमान तीन वर्षं कैद. कायद्यासाठी झगडणाऱ्यांना तेव्हा ऐकून घ्यावं लागलं, की तुम्ही आपल्या संस्कृतीवर उलटलात. देवदासींसाठी काम केलेल्या आपल्याकडच्या लोकांना हे वाक्य तोंडपाठ असेल.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. देवी आहे म्हणून बाई मोकळी, असं होत नाही. देवळात जाऊन तिच्या हाती काय आलं ते विचार. पैसा आला का, शब्दाला वजन आलं का, उठून घरी जायची मोकळीक आहे का? लोमेच्या त्या मामिसीला या तिन्ही प्रश्नांची उत्तरं ‘हो’ होती. त्रोकोसीला तिन्ही ‘नाही’. दोघी एकाच भाषेत एकाच समुद्राच्या कडेला प्रार्थना करतात.

प्रश्न : आता तिथे बहुतेक सगळे ख्रिस्ती झाले ना? मग हे देवीबिवी किती दिवस टिकणार? आणि अंगात येणं हा शेवटी आजारच, असं आम्ही चळवळीतले लोक मानतो.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आजार असेल तर उपचार व्हायलाच हवा, त्यात आपलं दुमत नाही. पण अंगात येणं ख्रिस्ती होऊन संपतं, ही समजूत तेवढी सोडा.

१९१४ साली हॅरिस नावाचा लायबेरियाचा एक प्रवचनकार घानाच्या पश्चिम किनाऱ्यावर आला. मूर्ती जाळा म्हणाला, हजारोंनी जाळल्या. त्याने बाप्तिस्मा दिलेल्यांत ग्रेस तानी नावाची बाई होती, आधीची पुजारीण. तिच्यातून आणि जॉन नाकाबा या गृहस्थांतून ‘बारा प्रेषितांचं चर्च’ उभं राहिलं. रोग्याच्या डोक्यावर पाण्याची परात, हातात भोपळ्याचे खुळखुळे, गाणं रंगलं की परात हलायला लागते, आणि बरं करणारी बाईच. फरक इतकाच, की आता जो येतो त्याला पवित्र आत्मा म्हणतात.

नव्या, मोठमोठ्या ध्वनिक्षेपकांच्या चर्चमध्ये मात्र मामी वाटा म्हणजे सैतान. पोर होत नाही, नवरा टिकत नाही, धंदा बसतो, सगळं तिच्या माथी. तिला अंगातून काढण्याच्या रात्र-रात्र प्रार्थना चालतात. आमच्या दादाची मुलगी अशाच एका चर्चची. आईबरोबर ती लोमेला यायची, पण निळ्या पडद्याच्या आत कधी आली नाही. बाहेर बाकावर बायबल घेऊन बसायची. मायलेकींत यावरून भांडण झालेलं मी पाहिलं नाही. घरात मात्र आई रविवारी मासळीचं कालवण जास्तीचं करून ठेवायची, चर्चमधून उशीर होतो म्हणून.

दादा २०११ साली गेली. आम्ही तेव्हा परत आलो होतो. मुलीने फोन केला. आईचं पांढरं कापड, आरसा, पावडरचे डबे पेटीत सापडले होते आणि पाद्री म्हणत होते, जाळ, नाहीतर ते तुझ्यामागे लागेल. काय करू, असं मला विचारत होती. मी म्हटलं, तुझा विश्वास नसेल तर ठेवू नकोस, पण जाळू नकोस, ज्या खोलीतून आलं तिथे पाठव. ती काही बोलली नाही. आठवड्याने तिचा निरोप आला, की पेटी आफ्लाओच्या ट्रोट्रोत घातली, ड्रायव्हरला दोन माणसांचं भाडं दिलं आणि शेजारच्या जागेवर कुणाला बसवू नकोस असं सांगितलं.